दोन्ही कान दिसले पाहिजेत

मी एका जाहिरात कंपनीत क्रिएटिव्ह डायरेक्टर आहे. म्हणजे काम दुसरे करतात आणि ते झालं की मी मान तिरकी करून म्हणतो, "काहीतरी मिसिंग आहे." याचा मला पगार मिळतो.

वर्षातून एकदा आमची कंपनी समाजकार्य करते, कारण बक्षिसांच्या अर्जात त्याचा वेगळा रकाना असतो. यंदा त्या रकान्यात पद्मजाताई आल्या. ताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वारज्यात एका रिकाम्या प्लॉटवर पत्र्याची शेड टाकून त्या रस्त्यावरची नऊ कुत्री सांभाळायच्या. आता तिथे इमारत होणार होती. एकतीस जानेवारीला जागा सोडायची आणि ताईंनी लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला जायचं. त्या सोसायटीत कुत्र्यांना बंदी होती. ताईंनासुद्धा कमिटीने मुलाखत घेऊनच परवानगी दिली होती.

"नऊ कुत्र्यांना नऊ घरं हवीत," ताई म्हणाल्या. "आठ चालणार नाहीत. बाकी उरली की मला झोप लागत नाही."

बाकी कोण उरणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. तो आमच्या समोरच बसला होता. संपत. वय अकरा, रंग तपकिरी, कान एक. दुसरा कान कात्रजच्या चौकात कुठल्यातरी वादात गेला होता.

आमची मूळ कल्पना ओले डोळे, मंद उजेड आणि मागे व्हायोलिन अशी होती. फोटोत व्हायोलिन ऐकू येत नाही हे तिसऱ्या मीटिंगमध्ये लक्षात आलं. मग मुंबईहून एक नामांकित फोटोग्राफर बोलावला. संपतने त्याच्या लेन्सच्या बॅगेवर पाय वर केला. ही पसंती होती की निषेध, हे कळायच्या आत फोटोग्राफर परतीच्या गाडीत होता.

म्हणून मी शनिवार पेठेत मैनुद्दीनचाचांकडे गेलो. चाचा चाळीस वर्षं पासपोर्ट फोटो काढतात, दुसरे कुठलेही काढत नाहीत. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट आहे. तो फक्त पुढून आहे, मागे नाड्या. भिंतीवर नियम लावलेत: हसू नये. मान सरळ ठेवावी. दोन्ही कान दिसले पाहिजेत.

"कुठला देश?" चाचांनी विचारलं.

"देश नाही चाचा. कुत्री आहेत. त्यांना घर मिळवून द्यायचंय."

"म्हणजे भारतातच. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर."

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊजणांना टेम्पोतून आणलं. चाचांनी पहिल्याला स्टुलावर बसवून कोट चढवला, मागे नाड्या बांधल्या, टाय नीट केला.

"चाचा, कोट नको," मी म्हणालो. "नॅचरल हवंय."

"नॅचरल फोटो रिजेक्ट होतो," चाचा म्हणाले आणि कुत्र्याकडे वळले. "समोर बघा. खांदे सैल. तोंड मिटा."

कुत्र्याने तोंड मिटलं. पद्मजाताई बघतच राहिल्या. "माझं सहा वर्षांत एकदा ऐकलं नाही मेल्याने."

अशी आठ झाली. नवव्यावर चाचांनी कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं.

"यांचा दुसरा कान?"

"नाहीये," मी म्हणालो.

"मग फोटो नाही."

"अहो चाचा, तो कान आता काही येणार नाही," ताई म्हणाल्या.

"मग फोटोही येणार नाही." चाचांनी कोटाच्या नाड्या सोडल्या. "चाळीस वर्षांत एक फोटो परत आलेला नाही, बाई. आता या वयात नको."

पोस्टर तयार झालं. नऊ चौकोन. आठांत कोट-टाय घातलेले, आयुष्याचा गंभीर विचार केलेले चेहरे, खाली नाव, वय आणि 'राहणार वारजे'. नवव्या चौकोनात लिहिलं, 'संपत. फोटो उपलब्ध नाही.' सगळ्याखाली ताईंचा फोन नंबर आणि माझी ओळ: 'आपल्या दारी येत आहोत. एक संधी द्या.'

पोस्टरं शहरभर लागली आणि त्याच दिवशी महापालिकेच्या निवडणुका जाहीर झाल्या. मला कल्पना नव्हती. मी पेपर फक्त फॉन्ट बघायला घेतो.

दुपारपर्यंत आचारसंहितेच्या पथकाने शहरातल्या सगळ्या पोस्टरांवर वर्तमानपत्रं चिकटवून आमची आठही तोंडं झाकली. संध्याकाळी पथकातले दिगंबरराव वही घेऊन वारज्याला आले. सरळ भांग, खिशाला दोन पेनं, चेहरा पासपोर्टला चालेल असा.

"उमेदवार कुठे आहेत?"

ताईंनी शेडकडे बोट दाखवलं. आठजण एकदम भुंकले.

"पक्ष?"

"अहो, कुत्री आहेत ती!"

"अपक्ष," दिगंबररावांनी लिहिलं. "आणि नववा? फोटो का लपवला?"

"लपवला नाही. कान नाही म्हणून काढला नाही."

"कान नसल्याने अडत नाही," दिगंबरराव म्हणाले. "आजवर कोणाचं अडलेलं नाही. पण फोटोशिवाय ओळख पटत नाही, आणि ओळख पटल्याशिवाय हा उमेदवार नाही असं मला लिहिता येत नाही. चौकशी करावी लागेल."

इकडे आमचं नशीब उघडलं. नुसतं पोस्टर पुणेकर वाचत नाही, पण झाकलेलं असलं की कोपरा उचलून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. ताईंचा फोन वाजायला लागला. "ते चौथ्या क्रमांकाचे गृहस्थ फार विचारी वाटतात, लग्नकार्यात चालतील का?" शनिवार पेठेतल्या श्यामलाबाईंनी सातवा नेला. म्हणाल्या, "आमचे हे रिटायर व्हायच्या आधी अगदी असे दिसायचे. हा निदान फिरायला तरी येईल." वीस तारखेपर्यंत आठही गेले.

नवव्यासाठीही लोक आले. फोटो नाही म्हणजे भानगड मोठी असणार, या आशेने यायचे. संपतला बघून म्हणायचे, "एवढंच होय," आणि जायचे.

रोज न चुकता येणारे फक्त दिगंबरराव. चार वाजता यायचे, खुर्ची ओढायचे, वही उघडायचे. संपत त्यांच्या पायाशी बसायचा. दोघं एकमेकांकडे बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून ग्लुकोजची बिस्किटं काढली.

"हे चौकशीत बसतं का?" ताईंनी विचारलं.

"जबाब देणाऱ्याला चहा-बिस्किट द्यायची पद्धत आहे. चहा ते घेत नाहीत."

तीस तारखेला ताईंचं सामान बांधून झालं होतं. संपतची वाटी तेवढी बाहेर होती. ती कुठल्या खोक्यात टाकायची हे ताईंना सुचत नव्हतं. त्या ती तिसऱ्यांदा घासत होत्या. मी मान तिरकी करून उभा होतो. या वेळी काय मिसिंग आहे हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यावर माझ्याकडे एकही कल्पना नव्हती.

चार वाजता दिगंबरराव आले. खुर्ची ओढली नाही. उभ्याउभ्याच पंचनामा लिहून त्यांनी मोठ्याने वाचला. "विनापरवाना प्रचारसाहित्य, नग एक. रंग तपकिरी. कान एक. स्थिती चालू. जप्त करून ताब्यात घेतले."

"कुठे नेणार?" ताईंचा आवाज बदलला.

"कचेरीत जागा नाही. घरी ठेवावं लागेल."

"आणि निवडणूक संपल्यावर?"

"जप्त वस्तू परत हवी असेल तर माझ्याकडे अर्ज करायचा." दिगंबररावांनी वही मिटली. "मी तो फेटाळणार."

ताईंनी वाटी पदराला पुसून त्यांच्या हातात दिली. संपत स्कूटरच्या पायठेवणीवर असा चढला, जणू वर्षानुवर्षं तिथूनच कचेरीत जातोय.

पुढच्या आठवड्यात मला दिगंबररावांचा फोन आला. कुत्रा पाळण्याच्या परवान्याला फोटो लागतो, तर तुमच्या त्या चाचांना जरा सांगता का? मी ताईंनाही बोलावून घेतलं.

चाचांनी संपतला ओळखलं आणि भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं. दिगंबररावांनी चष्मा लावून नियम वाचला. दोनदा वाचला.

"दोन्ही कान दिसले पाहिजेत," ते म्हणाले. "कोणाचे, ते लिहिलेलं नाही."

आणि ते स्टुलामागे उकिडवे बसले, संपतच्या खांद्यावर हनुवटी टेकून, स्वतःचे दोन्ही कान समोर करून.

चाचांनी बोटाने कान मोजले. चाळीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी नियमाने हरवलं होतं.

"तीन होतात," ते शेवटी म्हणाले.

"दोन तर दिसतायत ना?"

चाचांनी कोट आणला. संपतला चढवला, नाड्या बांधल्या आणि कॅमेऱ्यामागे गेले.

"समोर बघा. खांदे सैल. हसू नका."

संपत हसला नाही. पण त्याने मान वळवून मागचा कान एकदा चाटून बघितला, आणि दिगंबरराव हसले. सगळे दात दिसतील असे.

"रिजेक्ट," चाचा म्हणाले. "पुन्हा बसा."