लिली खाली बसली

लिली रिटायर झाल्याचा फोन आला तेव्हा नागसेन भातकुलीच्या स्टँडजवळच्या आपल्या दुकानात कोणाचा तरी पीकविम्याचा फॉर्म भरत होता. फोन अनुपचा होता. अनुप अकोटचा, सैन्याच्या श्वानपथकात नागसेनच्या हाताखाली तयार झालेला.

"भाऊ, तुमाले लिली द्याचे कागद मंजूर झाले," तो म्हणाला. "मी पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येऊन राहिलो. तिले संगंच आणतो. तुमी अकोल्याले या."

"येतो," एवढंच नागसेन बोलला. फोन ठेवला आणि समोरच्या माणसाचा गट नंबर दोनदा चुकीचा टाकला.

तीन वर्षांपूर्वी काश्मीरमधल्या एका डोंगरवाटेवर सुरुंग फुटला आणि नागसेनचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. लिली तेव्हा त्याच्यासोबतच होती. काळीकुट्ट लॅब्राडोर, आणि नाव लिली. ते कोणी ठेवलं देव जाणे. सुरुंग आणि दारूगोळा वासावरून हुडकायला शिकलेली. चार वर्षं दोघं एकत्र होते. त्या दिवशी तिला खरचटलंही नाही. नागसेनला हेलिकॉप्टरनं नेलं, मग पुण्याला कृत्रिम पाय बसला, मग पेन्शनवर घरी आला. लिली मागेच राहिली, अनुपकडे.

नव्या पायाची सवय झाली होती. जिना चढता यायचा, बाजूला जादा चाकं जोडलेली स्कूटर चालवता यायची. एकच गोष्ट जमत नव्हती. त्याला मातीवर पाय टाकता येत नव्हता. घर ते दुकान सिमेंटचा रस्ता होता, तेवढाच तो चालायचा. घरचं तीन एकर वावर डांबरी रस्त्याला लागून होतं, पण तो रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसून राही आणि बायको ज्योत्स्ना आणि वडील डोमाजी वावरात राबत. "ऊन लागते," म्हणायचा. "पाय ठणकते," म्हणायचा. ज्योत्स्नाला खरं काय ते कळलं होतं. तिनं कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र ज्योत्स्नालाही माहीत नव्हती.

त्या दिवशी लिली बसली होती. वाटेवर, एका दगडापाशी, शेपटी न हलवता. वास लागला की खाली बसायचं आणि हँडलर येईपर्यंत हलायचं नाही, हीच तिची खूण. पण पहाटे चारपासून ते चालत होते, आणि त्याआधी दोनदा ती दम खायला अशीच सावलीत टेकली होती. थकली असेल, असं नागसेनला वाटलं. "चल गं," म्हणत तो बेफिकीर पुढे गेला. दोनच पावलं.

साहेबांना त्यानं दवाखान्यातच सगळं खरं सांगितलं होतं. कागदावर लिलीच्या नावाला डाग नव्हता. घरी मात्र सांगायची हिंमत झाली नाही. डोमाजींनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं की कुत्रीच चुकली. "तिच्या भरोशावर माह्या पोराचा पाय गेला," असं ते चारचौघांत सांगत, आणि नागसेन मान खाली घालून ऐकून घेई.

अकोल्याच्या स्टेशनवर गाडी पाऊण तास उशिरा आली. नागसेन बाकावर बसला होता. ओळखेल का ही आपल्याला? आपल्या अंगाचा वास आता औषधांचा, प्लॅस्टिकचा झाला असेल. चालही बदलली. आणि ओळखलं, तर काय?

अनुप उतरला. पाठीवर बॅग, हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला लिली. तोंडाभोवती पांढरी झाली होती, मागचे पाय जरा ताठ टाकत होती. नागसेननं हाक मारली नाही. नाक वर करून तिनं गर्दीतली हवा हुंगली, दोरीला हिसका दिला आणि अनुपला ओढतच बाकापाशी आली. आधी तिनं कृत्रिम पाय हुंगला, वरपासून खालपर्यंत, नीट, कामावर असल्यासारखं. मग उजवा पाय. मग त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये डोकं खुपसलं आणि अशी काही कण्हली, की शेजारची बाई दचकून उठली.

नागसेननं तिचा कान हातात धरला. "चुकलंच माह्यं," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणता भाऊ?"

"काही नाई. चहा पिऊ."

भाड्याच्या गाडीनं तो लिलीला घेऊन सांजच्याला भातकुलीत पोचला. ज्योत्स्नानं ताटलीत पाणी ठेवलं. लिलीनं जीभ लावली आणि तोंड फिरवलं.

"खारं लागलं तिले," ज्योत्स्ना हसली. "आमालेही लागते माय. होईन सवय."

डोमाजी ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "आणली का तिले? बांध तिकडे," म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

लिलीनं दुसऱ्याच दिवशी आपलं काम सुरू केलं. नागसेन दुकानाला निघाला की ती चार पावलं पुढे, नाक जमिनीला लावून, डावीकडे उजवीकडे सिमेंटचा रस्ता तपासत जायची. लोक हसायचे. एरवी दर पाऊल बघून टाकणारा नागसेन मात्र तिच्या मागे चालताना खाली बघेनासा झाला. एका दुपारी स्टँडसमोरून वरात गेली आणि फटाक्यांची माळ फुटली. नागसेनचे हात टेबलावर थिजले. लिली टेबलाखालून आली आणि त्याच्या उजव्या पायावर सगळं अंग टाकून पडून राहिली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. माळ संपली, धूर विरला, तरी ती उठली नाही. मग त्याचेच हात सुटले आणि तिच्या पाठीवर गेले.

नोव्हेंबर लागला. कपाशीची दुसरी वेचणी आली. सकाळी ज्योत्स्ना, डोमाजी आणि माणिकबाई धरून चार वेचणाऱ्या बाया असे सगळे वावरात निघाले. नागसेन नेहमीसारखा पुलाच्या कठड्यावर बसला. लिली चार दिवसांपासून ज्योत्स्नाच्या पुढे पुढे वावरात धावायची, आजही गेली. धुऱ्याच्या कडेनं, वावराच्या बांधालगत, तुरीच्या ओळीपाशी ती पोचली आणि खाली बसली.

ज्योत्स्नानं हाक मारली. ती हलली नाही. पुन्हा मारली.

"अवो, ही तं येऊनच नाई राहिली!" ज्योत्स्ना रस्त्याकडे वळून ओरडली.

डोमाजी तिच्याही पुढे होते, कुत्रीपासून दहा-बारा पावलांवर. "थकली असन म्हातारी," ते म्हणाले. "राहू दे तिले तथी. तुमी लागा कामाले."

नागसेन उभा राहिला. लिली ताठ बसली होती. शेपटी हलत नव्हती. नाक तुरीच्या बुडाकडे.

"थांबा!" तो ओरडला. तीन वर्षांत हा आवाज त्याच्या घशातून निघाला नव्हता. "जथी हाय तथीच थांबा! कोणी पाऊल उचलू नका!"

बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. माणिकबाईच्या हातातला कापूस हातातच राहिला. "काय झालं वो?"

"माणिकबाई, जशा आल्या तशाच मागं फिरा. आपल्याच पावलावर पाऊल टाकत. बाकीच्याही. ज्योत्स्ना, तूही. बाबा, तुमीही."

"अरे पण ते कुत्रं नुसतं..."

"बाबा! ती उगीच नाई बसत."

डोमाजींनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते आल्या पावली फिरले. एक एक करून सगळे रस्त्यावर आले. लिली तिथंच होती. नागसेननं तिला हुकूम देऊन बोलावून पाहिलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा तुरीकडे तोंड केलं. तो गेल्याशिवाय ती उठणार नव्हती. तसंच तिला शिकवलं होतं, आणि त्यानंच शिकवलं होतं.

"पोलिसाले फोन लाव," तो ज्योत्स्नाला म्हणाला. "मी तिले घेऊन येतो."

ज्योत्स्नानं त्याचा दंड धरला. "तुमी नका जाऊ ना. थे लोक येतीन."

"थे यायले तास जाईन. तिचे मागचे पाय दुखते, लय वेळ बसवत नाई तिले. आडवी झाली तं तथी जे हाय त्याच्यावरच पडन."

तिनं हात सोडला.

डांबर संपलं तिथं तो उभा राहिला. समोर काळी माती. रात्रीच्या दवानं वरचा थर ओलसर होता आणि त्यात लिलीच्या पंजांचे ठसे स्पष्ट उमटले होते, बाजूला ज्योत्स्नाच्या चपलांचे. त्यानं उजवा पाय लिलीच्या ठशावर ठेवला. मग डावा. डाव्या पायाला माती कळत नव्हती. ढेकूळ आलं की नुसतं कलायला व्हायचं. वीस पावलांवर त्याच्या कानात सुरुंगाच्या दिवसापासूनचा तोच सूं सूं आवाज सुरू झाला. परत फिरावं असं इतकं वाटलं, की त्याची मान वळलीसुद्धा. लिलीनं तेव्हाच त्याच्याकडे पाहिलं. घाई नव्हती तिच्या नजरेत. तिनं तिचं सांगून ठेवलं होतं. आता ऐकायचं त्यानं होतं.

तो पुढचा ठसा बघत चालू लागला. ठसा, मग त्याच्यापुढचा. शेवटी तिचा पट्टा हाताला लागला.

तुरीच्या बुडाशी, वाळल्या पानांत, लिंबाएवढा कणकेचा गोळा होता. सुतळीचं एक टोक त्यातून बाहेर आलं होतं. रानडुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब. डुकरानं चावला की फुटतो, आणि माणसाचा पाय पडला तरी. डोमाजी ज्या ओळीनं जात होते, ती ओळ नेमकी तिथूनच जात होती.

"शाब्बास, लिली," तो म्हणाला. "शाब्बास. मी ऐकलं, हं. चल आता."

ती उठली. दोघं आल्या ठशांवरून परतले. डांबर लागलं तसा नागसेन कठड्यावर बसला नाही, पडलाच. ज्योत्स्नानं त्याचं डोकं पोटाशी धरलं. माणिकबाई, ज्या कोणी ते ठेवलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत रडत होती आणि रडता रडता हसत होती.

दुपारी अमरावतीहून पोलिसांचं पथक आलं. धुऱ्याच्या कडेनं त्यांना तसले आणखी तीन गोळे सापडले. कोणी ठेवले त्याचा तपास करू म्हणाले. गोळे लांब पडीक जागेत नेऊन फोडले, त्याचा दणका रस्त्यापर्यंत आला. नागसेन दचकला, पण लिलीच्या पट्ट्यावरचा त्याचा हात सुटला नाही. पथकातला एक हवालदार लिलीजवळ येऊन उकिडवा बसला. "किती वर्षं नोकरी झाली हिची?" त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून तिला सॅल्यूट केला, थट्टेत नाही.

गाड्या गेल्यावर नागसेन वडिलांजवळ जाऊन बसला.

"बाबा, त्या दिवशीही ही बसली होती."

"कोण्या दिवशी?"

"माहा पाय गेला त्या दिवशी. तिनं सांगतलं होतं. मले वाटलं थकली. मीच गेलो पुढं."

रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसली.

"म्हणजे हिचा काही कसूर नव्हता?"

"नाई."

"आन् तीन साल तू मले हिले शिव्या देऊ देल्या?"

"हव, बाबा."

"कावून रे?"

"तोंड उघडलंच नाई. तुमी काय म्हणसान, असं वाटे."

"काय म्हणलो असतो मी? तू जित्ता आला, आणखी काय म्हणतो माणूस!" म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं. नागसेनच्या छातीवरून काहीतरी उतरलं. इतकं सरळ, की त्याला खोल श्वास घेऊन बघावासा वाटला. घेतला. मग आणखी एक घेतला.

"हिले बक्षीस काय देत होते तिकडे?" डोमाजींनी विचारलं.

"बॉल. काम झालं की बॉल फेकायचा."

डोमाजींनी इकडे तिकडे पाहिलं, मग दुपट्ट्याला गाठी मारत गेले, तो नारळाएवढा झाला. "घे गं बाई," म्हणत त्यांनी तो रस्त्याच्या मोकळ्या भागात फेकला. लिली दुखऱ्या पायांनिशी धावली, दुपट्टा तोंडात धरला, झटकला, आणि तो डोमाजींना परत द्यायला साफ नकार दिला.

पथकानं सगळं वावर तपासून मोकळं केल्यावर तिसऱ्या दिवशी वेचणी पुन्हा लागली. नागसेन सकाळीच वावरात उतरला. कडेकडेनं, लिलीच्या मागून, हळू. एक ओळ वेचायला त्याला माणिकबाईच्या दुप्पट वेळ लागला आणि तिनं ते चार वेळा बोलून दाखवलं. जेवणाच्या वेळी सगळे बाभळीखाली बसले. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. मातीवर बसताना नागसेनला कृत्रिम पाय कुठे ठेवावा कळेना. ज्योत्स्नानं तो सरळ करून दिला आणि त्याच्यावरच भाकरीचं फडकं पसरलं.

"हे बरं झालं," ती म्हणाली. "टेबल भेटला."

बाया खळखळून हसल्या. डोमाजी आपल्या वाटणीची भाकर न खाता तिचे तुकडे करत होते आणि विचारत होते, "हिले ठेचा चालते का रे?"

"बाबा, ठेचा नाई. नुसती भाकर द्या."

"नुसती कशी द्याची पावण्याले," ते पुटपुटले आणि पिशवीत गूळ शोधू लागले.