बुटक्याची धार

म्हाताऱ्याच्या अंगठ्याखाली तो बुटका दगड पुन्हा लागला. नातीला पहिला दात फुटला त्या वर्षीची ही गोष्ट. ओढ्याकाठी वेचून आणलेली आदिमानवाची सगळी दगडी हत्यारं आज संध्याकाळी संग्रहालयाची गाडी नेणार होती, कारण आता मुलाकडे राहायला जायचं होतं आणि त्याच्या दोन खोल्यांत म्हातारा-म्हातारीच जेमतेम मावणार होती.

"एक ठेवा," बायको म्हणाली होती. "एकच. बाकीच्यांना सरकारी नोकरी लागली म्हणायचं."

कोणता ठेवायचा हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं — तळहाताएवढी कुऱ्हाड, दोन्ही अंगांनी सारखी, नुसती पाहत राहावी अशी. पण जन्मभर सुऱ्या-कात्र्यांना धार लावलेला हात गप्प बसेना. कुऱ्हाडीच्या कडेवरून बोट फिरवलं... कोरी. घडवली आणि हरवली की काय, कोण जाणे. कामाला लागलीच नव्हती. आणि हा बुटका? कडेला टवका, टवक्यावर टवका — बोथट झाला की उडवलेला, पुन्हा बोथट, पुन्हा... खाटकाची सुरी अशीच यायची दुकानात, दर खेपेला जरा अरुंद होऊन. तो म्हणायचा, आता नवी घ्या हो, आणि खाटीक म्हणायचा, हाताला हीच कळते. तेव्हा तो हसला होता. पण इथं, लाखो वर्षांपलीकडे, कुणीतरी दगड उन्हात धरून अजून एक धार निघेल का ते बघत बसलं होतं — आणि निघाली होती! शाबास रे गड्या. की बाई होतीस?... कुणी का असेना, मी तुझ्याच धंद्यातला.

आत खोकल्याची उबळ आली, लांबली, थांबली. मग बायको भिंतीला धरत दाराशी आली. अंगातला स्वेटर दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका सैल.

"झालं का तुमचं स्वयंवर?"

"ही देखणी, का हा बुटका?"

तिनं बुटका उचलून नखावर घासला. "अजून लागतो की मेला!"

"त्यात आता काही उरलं नाही गं," तो गिऱ्हाइकाला सांगायच्या सवयीनं बोलून गेला, आणि जीभ चावली.

ती त्याच्याकडे बघून हसली. "किती उरलंय, ते विचारलंय का मी?"

कुऱ्हाड त्यानं स्वतःच कापसात गुंडाळून दिली. गाडी वळली तरी तो फाटकाशीच उभा होता, खिशात बुटक्यावर मूठ... अंगठा त्याच्या खाचेत असा बसला होता, की कुणी आपला हात हातात घेतलाय असं वाटावं. किती उरलंय, हे आज पहिल्यांदाच त्याला मोजावंसं वाटलं नाही.

नात पाऊल टाकायला लागली, त्याच आठवड्यात बायको गेली.