हिंगाच्या डबीतला एक्का

उद्धवरावांनी काळ्या सत्तीवर काळी छक्की ठेवली आणि समोर बसून तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या गोदावरीबाईंचा हात थांबला.

काळ्यावर लाल, लालवर काळं. स्वतः कधी पत्त्याला हात लावला नसला, तरी चाळीस वर्षं बघून त्यांना हे पाठ होतं. पत्त्यांचे सात ढीग मांडायचे, वरचं एकेक पान उताणं, बाकीची पालथी. हातात उरलेली पानं तीन-तीन करून उलटायची. एक्के निघतील तसे बाजूला मांडून त्यांवर दुर्री, तिर्री चढवत जायचं. चारही राजे वर पोचले की डाव सुटला. उद्धवराव अकोटच्या एका वकिलाकडे मुनशी होते. दुसऱ्यांचे निकाल कोर्टात लागत, स्वतःच्या आयुष्याचे मात्र ते दुपारी जेवण झाल्यावर दिवाणावर लावून घेत. दिवसाला एकच डाव. अपील नाही. अडला तर पालथी पानं उघडून बघायची नाहीत, मुकाट गोळा करायची.

या शेवटच्या नियमावर गोदावरीबाईंचा सगळा संसार उभा होता. एखादी गोष्ट होऊ नये असं वाटलं, की त्या सकाळीच पत्त्यांच्या जोडातून बदामचा एक्का काढून हिंगाच्या डबीत टाकत. अशा रीतीने वकीलसाहेबांबरोबर अमरावतीला बिऱ्हाड हलवायचं राहिलं. मेहुण्याच्या भागीदारीत तेल्हाऱ्याला रसवंती टाकायची राहिली. मुलीला, स्वरालीला, धामणगावचं स्थळ सांगून आलं होतं. त्या घरात सहा नणंदा होत्या आणि लग्नं होऊनही सहाही माहेरीच असत. तेही राहिलं. पुढे स्वरालीने अमरावतीत आपलं आपण जमवलं. तेव्हा पत्त्यांना कोणी विचारलं नाही.

आता मात्र डाव सुटायला हवा होता. उद्धवरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. परवा त्यांनी शेजारच्या अंगणातल्या मोटरसायकलवर टाकलेल्या ताडपत्रीला पंजाबराव समजून नळाच्या वेळापत्रकाबद्दल दहा मिनिटं सुनावलं, आणि घरी येऊन सांगितलं की पंजाबराव आताशा ऐकून घेतो. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी लांबवाल तर ऑपरेशन करूनही किती दिसेल सांगता येणार नाही. स्वरालीने शुक्रवारची वेळ घेतली. उद्धवराव म्हणाले, डाव सुटला तर येतो.

गोदावरीबाईंनी एक्का धुऊन, पुसून जोडात परत घातला. खात्री म्हणून तीनदा पाहिला. तरी नऊ दिवस डाव सुटला नाही. एक्का लपवून डाव अडवता येत होता. सोडवता येत नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. आज गुरुवार होता.

काळ्या छक्कीखालून निघालेली जागा फार मोलाची ठरली. तिथलं पालथं पान उघडलं, ती चौकटची दुर्री निघाली. मग तिर्री आली, मग अडकलेला गुलाम सुटला. गोदावरीबाई शेंगा सोलत राहिल्या. दाणे सालांत आणि सालं दाण्यांत जात होती. सांगावं तर डाव मोडणार. न सांगावं तर आंधळ्या माणसाला फसवल्याचं पाप. त्यांनी पाप पत्करलं आणि खाली मान घातली.

"सुटला," उद्धवराव म्हणाले. चार राजे ओळीने बसले होते.

"बरं झालं बाप्पा. मी पिशवी भरतो," म्हणत त्या घाईने उठल्या.

"बस. सत्तीवर छक्की चुकीची ठेवली मी. तुले दिसलं नाई का?"

त्या बसल्या. "तुमाले दिसलं होतं?"

"पान हातभरावर असते. काळं-लाल समजते अजून." त्यांनी मान वर केली. "तुयं तोंड नाई दिसत नीट."

चाळीस वर्षांत या माणसाने एक पान इकडचं तिकडे केलं नव्हतं. मग मुनशी ज्या आवाजात पक्षकाराला तारीख सांगतो, त्या आवाजात उद्धवरावांनी खुलासा केला. मांडून झाल्यावर हातात चोवीस पानं उरतात. तीन-तीन उलटली तर आठ वेळा बरोबर जातात. पण कधीकधी शेवटी दोनच येत, म्हणजे जोडात एक पान कमी असे. एवढ्यात नऊ दिवस तीनच येत होती.

"म्हटलं, हिच्या मनात जायचं हाय. पण मी सुटला तं जाईन म्हणून बसलो होतो. शब्द कसा फिरवू?"

"आन् दोन यायची तवा काऊन नाई बोलले?"

"मले तरी कुठं रसवंती टाकायची होती?"

त्यांनी पत्ते गोळा केले, चाचपून बदामचा एक्का काढला, नाकाशी नेऊन ओळख पटवली आणि गोदावरीबाईंपुढे धरला.

"हा डबीत टाक आन् डबी पिशवीत घे. डोळे झाले की स्वराली म्हणन, आता इथंच राहा. मी म्हणीन, डाव सुटला तं राहू."

शुक्रवारी सकाळच्या अमरावती गाडीत उद्धवरावांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पुढच्या सीटवरच्या बाईने नाक आक्रसून दोनदा मागे वळून पाहिलं. गोदावरीबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.