बाईंच्या फॉर्मवरची सही

संघटनेत सभासद एकशे बारा आणि समित्या सात. बाईंचे यजमान म्हणायचे, "तुमच्याकडे माणूस शोधावा लागतो, समित्या मात्र पायापायात येतात." ते घड्याळं दुरुस्त करायचे. एक टेबल, एक दिवा, एक माणूस, कुणाला काही विचारायला नको. त्यांना काय कळणार समितीचं सुख?

बाईंना मात्र या समित्यांचा भारी अभिमान, आणि का नसावा? वीस वर्षांपूर्वी हे काम करणारी माणसं नऊच होती. कुणी चित्रांतून, कुणी मातीतून, कुणी ताल धरून, कुणी नाचातून मनानं मोडलेल्या माणसांना उभं करायचं. लोकांना वाटायचं, हे सुट्टीतले छंदवर्ग. मग बाईंनी पदर खोचला. संघटना काढली, नियम लिहिले, नोंदणी सुरू केली, आणि इस्पितळांच्या मागे लागून लागून कबूल करून घेतलं की आमच्या नोंदवहीत नाव असेल त्यालाच रुग्णाजवळ जाऊ द्यायचं. त्या नोंदवहीत पहिला क्रमांक बाईंचा.

आणि त्याच बाईंना एका सकाळी नोंदणी समितीचं पत्र आलं, की आपलं नूतनीकरण करता येत नाही.

खाली सही खारूताईची. खारूताई ही नाचातून उपचार करणारी, बाईंच्याच हाताखाली शिकलेली. एवढीशी, चपळ, जिना कधी सरळ चालत उतरली नाही, म्हणून बाईंनीच तिला हे नाव ठेवलेलं. गेल्या वर्षी तिला नोंदणी समितीची निमंत्रक करा म्हणून हट्ट धरला होता तोही बाईंनीच.

भानगड अशी होती. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी साठ तास सुपरव्हिजन. म्हणजे आपल्या कामात काय चाललंय, कुठे अडलंय, कुठे आपलंच मन गढूळ झालंय, ते दुसऱ्या जाणकारासमोर बसून सांगायचं, आणि त्यानं फॉर्मवर सही करायची. बाईंच्या फॉर्मवर तास साठ होते, तारखा होत्या, सगळं चोख. फक्त सुपरव्हायझरच्या रकान्यात सही होती बाईंची. खारूताईनं जुने फॉर्म काढून पाहिले, तर आधीच्या तिन्ही खेपांना तेच. इतक्या वर्षांत एकालाही दिसलं नाही, कारण बाईंचा फॉर्म तपासायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

लबाडी म्हणाल तर अजिबात नाही. बाई खरंच दर रविवारी वही घेऊन बसायच्या, स्वतःला प्रश्न विचारायच्या, स्वतःच उत्तरं द्यायच्या. बाकी सगळ्यांच्या फॉर्मवर सह्या करणाऱ्या त्याच, तेव्हा आपल्या फॉर्मवरही हात सवयीनं चालला.

"म्हणजे पेशंटही तूच आणि डॉक्टरही तूच," यजमान म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

बाईंना मात्र मिरच्या झोंबल्या. "माझ्याकडे शिकली आणि मलाच नियम दाखवते."

"अगं, पण नियम कुणाचा?"

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या, कारण नियम त्यांचाच होता.

रागाखाली खरी होती ती भीती. नोंदणी गेली की मंगळवारचा गट गेला. अर्धांगाच्या झटक्यानं ज्यांची वाचा गेली होती अशी सात माणसं दर मंगळवारी इस्पितळात बाईंची वाट बघत. त्यांतला एक गवंडी, उजवा हात लुळा पडलेला, चार महिने मातीकडे नुसता बघत बसायचा. आता कुठे त्यानं डाव्या हातानं एक भिंत रचायला घेतली होती. त्याला कसं सोडायचं? बाईंनी कार्यकारिणीकडे अपील केलं.

सचिव धावूनच आले. हे चित्रकार गृहस्थ मोठे गोडबोले. त्यांनी ठराव तयारच ठेवला होता, की संस्थापक सभासदांना सुपरव्हिजनमधून कायमची सूट द्यावी. "बाईंना कोण काय शिकवणार?" ते म्हणाले, आणि चार माना हलल्या. खारूताई तेवढी हातातल्या कागदांकडे बघत राहिली.

आता या कार्यकारिणीची एक रीत होती. मतदानाआधी पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, ठरावाबद्दल जे मनात असेल ते कागदावर काढायचं. मग कागद डावीकडे सरकवत जायचे. सगळ्यांनी सगळे बघायचे, पण अर्थ विचारायचा नाही आणि सांगायचाही नाही. पहिल्याच वर्षी दोघे सभासद हमरीतुमरीवर आले तेव्हा बाईंनीच हे सुरू केलं होतं. बोलताना माणूस सारवासारव करतो, खडू हातात आला की उघडा पडतो. प्रकरण त्यांचंच म्हणून बाईंना आज मत नव्हतं, पण कागद मिळाला.

पाच मिनिटं झाली, कागद फिरू लागले. सचिवांनी एक ऐसपैस खुर्ची काढली होती आणि नंतर आपल्याच हातानं काळ्या खडूनं खोडली होती. मातीकाम करणाऱ्या दादांच्या कागदावर एकटं झाड होतं, दूरदूरपर्यंत दुसरं काही नव्हतं. खारूताईनं दार काढलं होतं, इतकं दाबून की कागद फाटला होता. पोरगी किती घाबरली आहे ते बाईंना तेव्हा कळलं. घाबरली होती, तरी पत्रावर सही केली होती.

शेवटी फिरत फिरत बाईंचा स्वतःचा कागद परत आला. त्यांनी मंगळवारचं टेबल काढलं होतं. भोवती सातही माणसं, प्रत्येकाचा चेहरा ओळखू यावा असा. आठव्या खुर्चीवर कुणीच नव्हतं. स्वतःला काढायचं त्या विसरल्या होत्या.

बाईंनी तो कागद समोर सरळ करून ठेवला. मग त्यांनी बोलायची परवानगी मागितली.

"दोन महिन्यांपूर्वी माझ्या गटातल्या एक आजी गेल्या," त्या म्हणाल्या. "रविवारी वही घेऊन बसले. विचारलं, बाई, ठीक आहेस ना? आणि मीच मान डोलावली. मी ठीक नव्हते. आठ दिवस मला झोप नव्हती. पण समोर बसून हे ओळखायला कुणी नव्हतंच."

ठराव मताला टाकला तेव्हा बाजूनं एकही हात वर झाला नाही, खुद्द सचिवांचासुद्धा. खारूताईनं नियम काढून वाचून दाखवलं, की निदान पंधरा तास पुरे होईपर्यंत, म्हणजे दोनेक महिने, नोंदणी स्थगित राहील. तोवर मंगळवारचा गट ती स्वतः चालवेल.

"मग मी तुझ्याकडेच येते सुपरव्हिजनला," बाई म्हणाल्या.

"नाही चालणार, बाई. निमंत्रकाला ते करता येत नाही. कलम नऊ." मग हळूच म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय."

त्यावर सगळ्यात आधी हसू फुटलं ते बाईंना. मातीकाम करणारे दादा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी लाजत लाजत बुधवारची वेळ दिली.

मंगळवारी बाई खारूताईला गटाचं सगळं समजावत वॉर्डच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. आत टेबलाभोवती माणसं जमली होती. खारूताई गेली ती सरळ गवंड्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, त्याच्या चालत्या हाताजवळ. हे बाईंनी तिला सांगितलं नव्हतं, सांगायचं राहूनच गेलं होतं. बाईंचा ऊर भरून आला.

तेवढ्यात गवंड्यानं वर पाहिलं. दारात बाई दिसल्या तसा त्यानं मातीनं भरलेला हात उचलून त्यांना आत बोलावलं. बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

वॉर्डची सिस्टर हे बघत होती. अकरा वर्षांची ओळख, तिला राहवेना. "अहो बाई, जा ना दोन मिनिटं. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"आमची समिती विचारेल," बाई म्हणाल्या. आपली लेक मोठ्या पदावर गेली हे सांगताना आईचा आवाज होतो, तसा त्यांचा आवाज झाला होता.