जास्तीचं ताट

आपल्याला सगळं कळतं, हा माझा जुना आजार. घरी वृंदा, म्हणजे माझी बायको, तो रोज उतरवते; कंपनीत पाऊल टाकलं की पुन्हा चढतो. पंच्याण्णवच्या डिसेंबरात तर त्याने कळसच गाठला.

रोह्याच्या आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला पोलंडहून मारेक नावाचा इंजिनीयर आला होता. सव्वीस-सत्तावीसचा, उंच, आमच्या उन्हाने लालबुंद झालेला. नाताळला घरी जायचं म्हणून त्याने तिकीट काढून ठेवलेलं. घराबाहेर नाताळ त्याने आयुष्यात केला नव्हता. पण मशीन अडलेलं. आमचे साहेब चिंतेत. स्टोअर सांभाळणारा मी, मला कोणी विचारलंही नव्हतं. तरी पुढे होऊन मारेकला म्हटलं, राहा, घर विसरशील असा नाताळ करून देतो. बिचाऱ्याने माझ्या शब्दावर तिकीट रद्द केलं. घरी माझ्या शब्दावर कोणी अर्धा लिटर दूध जास्त घेत नाही.

मग मी कामाला लागलो. ख्रिश्चन म्हणजे मटण, केक आणि बँड, एवढं ज्ञान माझ्यापाशी होतंच. चाळीस माणसांना रात्री आठचं आमंत्रण दिलं. मारेकला फक्त विचारायचं राहिलं होतं. शेवटी विचारलं, तर त्याने तीनच गोष्टी मागितल्या: एक जिवंत मासा, मूठभर वाळलेलं गवत आणि पांढरी चादर. आमच्याकडे साहेबमाणसाला खूश करायचं तर जिताडाच लागतो. पेणजवळ खाडीकाठी कान्हूचं तळं आहे, तिथून चार किलोचा जिताडा पाण्याच्या पिंपात घालून जीपने आणला. वाटेत तीन वेळा त्याने मला आंघोळ घातली.

चोवीस तारखेला दुपारी नदीपलीकडच्या अष्टमी गावात मारेक उतरला होता, त्या गेस्ट हाऊसची स्वयंपाकीण धोंडुबाई पूल ओलांडून धापा टाकत माझ्या घरी आली. सायबाने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही, म्हणाली. टेबलावर पेंढा पसरून वर पांढरी चादर घातली आहे. जेवणारा एकटा, पण ताटं दोन मांडलीत. म्हाताऱ्या आईचा फोटो समोर ठेवून मघाशी डोळे पुसत होता. तिच्या मते काहीतरी सणाचं होतं.

"सणाला कोणी रडतं का, धोंडुबाई?" मी म्हणालो. मला सगळं लख्ख कळलं होतं. उपास, गवत, पांढरं वस्त्र, आईचा फोटो आणि जास्तीचं पान. त्याची आई गेली होती आणि आज तिचं श्राद्ध होतं. श्राद्धाला मासा कसा, अशी शंका आली. पण गेलेल्या माणसाला आवडेल ते वाढतात, म्हातारीला मासा आवडत असणार. अशा दिवशी ज्याने घरी असायला हवं, त्या माणसाला मी बँडची लालूच दाखवून अडकवलं होतं.

चाळीस जणांना निरोप गेला, मारेकसाहेबाच्या मातोश्री वारल्या, कार्यक्रम रद्द. बँड परत पाठवला. पांढरा कुर्ता-पायजमा घालून, उतरलेला चेहरा लावून मी गेस्ट हाऊसवर पोचलो.

मारेक व्हरांड्यात उभा राहून आभाळाकडे बघत होता. आत जाई, परत येई, पुन्हा वर बघे. अरे देवा, हा कावळ्याची वाट बघतोय! आणि संध्याकाळी कावळा शिवायला कुठून येणार? मी स्वयंपाकघरातून भाताचा घास आणून कठड्यावर ठेवला, तोंडाशी हात धरले आणि ओरडायला लागलो, काव, काव. मारेकने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. इथला नाताळ असाच असतो असं त्याला वाटलं असावं, कारण तोही मनापासून ओरडू लागला. रस्त्यावर माणसं जमली. त्यांच्यात आमंत्रितांपैकी निदान सहा जण होते.

एकाएकी मारेकने माझा दंड धरला आणि पश्चिमेकडे बोट केलं. शुक्राची चांदणी दिसू लागली होती. तो हसत आत पळाला.

धोंडुबाई दारात उभी होती. "आवो, उपास सोडायचा हाय त्याला. आमी संकष्टीला चंद्राची वाट बघतो, तसा तो चांदणीची बघत व्हता. तुमी कावळं कशाला बोलावताव?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिला दया आली असावी. कावळा ओरडला की पाहुणा येतो, तेवढं तरी चांगलंच झालं, म्हणाली.

टेबलाशी बसल्यावर मी खालमानेने आईचं विचारलं. मारेकला आधी समजेना. समजलं तेव्हा तो खोकला लागेपर्यंत हसला. आई ठणठणीत होती. या वेळी मासा तळत बाबांवर खेकसत असेल, म्हणाला. गवत येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून. आणि दुसरं ताट न बोलावता दारात येईल त्याचं. ते पोलंडमध्ये घरोघरी मांडतात. मी चाळीस जण बोलावले होते, आणि त्याने वाट पाहिली ती न बोलावलेल्या एकाची. मी निमूट त्या ताटावर बसलो. जिताडा धोंडुबाईने असा केला होता की मला माझी लाज काही वेळ विसरता आली.

मारेक मात्र खाता खाता थांबला.

"आईही आज एक ताट जास्तीचं मांडेल," तो म्हणाला. "दरवर्षी ते परक्याचं असतं. यंदा ती ते माझं समजून मांडणार आहे."

मी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि त्याला स्कूटरवर घालून रोह्याच्या बाजारातल्या आयएसडी बूथवर नेलं. पाचव्या खेपेला फोन लागला. काचेच्या खोक्यात वाकून तो त्यांच्या भाषेत बोलत होता, मधेच हसत, मधेच नाक पुसत. त्यातलं मला एवढंच कळलं: काव, काव. माझी कीर्ती पोलंडपर्यंत पोचली होती.

मग त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी हॅलो म्हटलं. पलीकडे नुसती खरखर. आणि मग एका म्हातारीचा थरथरता आवाज आला, अगदी मन लावून: "काव, काव."

मला रडू फुटलं. बूथवाला बघत होता, बघू दे.

"पाठवतो, आई," मी मराठीतच म्हणालो. "लवकर पाठवतो त्याला."

मशीन अडलं तर अडू दे. सकाळी साहेबांसमोर मान खाली घालून त्याच्या तिकिटाचं बोलायचं, हे मी तिथेच ठरवलं. माझा शब्द, मग तो ‘काव’ का असेना, खरा मानणारी ती जगातली दुसरीच व्यक्ती होती, आणि पहिल्याचं, म्हणजे तिच्या मुलाचं, मी काय केलं होतं ते तिला ठाऊक होतं.