आधी चूळ भरा

गोदामाच्या पत्र्याखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागचे खुर्च्यांवर चढले होते, पुढचे एकमेकांच्या खांद्यावरून माना लांबवत होते. मधोमध बाकावर नऊ वर्षांची पोर उताणी. हातपाय काडीसारखे, पोट नगाऱ्यासारखं. नळीबाबांनी तांब्याची नळी तिच्या बेंबीवर टेकवली, गाल आत ओढले, डोळे पांढरे केले आणि परातीत थुंकले. लालभडक, लिबलिबीत, बोटभर दोरी!

"निघाली करणी!" बाबा गरजले. "डॉक्टर फोटो काढतात, आम्ही मूळ काढतो!"

टाळ्यांनी पत्रा दणाणला.

पोरीची आत्या खांबाआड उभी होती. बारा वर्षं ती दवाखान्यात लोकांचं रक्त आणि शौच तपासत होती, आणि सख्ख्या भाचीसाठी तोंड उघडायची तिची छाती झाली नव्हती. "तुझ्या बाटल्यांनी काय होतंय?" असं पोरीचा बाप, तिचा बेकरीवाला भाऊ, एकदा खेकसला आणि ही गप्प बसली. तीन महिने! त्या गप्प बसण्याचा राग तिला आता बाबांच्या रागाइतकाच जाळत होता.

ही दुसरी बैठक. पहिल्या बैठकीनंतर बाबांनी एकवीस दिवस नुसता भात खायला सांगितला होता. पोर खरंच सावरली, जुलाब थांबले, अंगणात धावली. मग बाबांचा हुकूम झाला, आता रोज मंतरलेला पाव. पाव भावाच्याच भट्टीतला, बाबांनी त्यावर फक्त फुंकर मारलेली. भाऊ कौतुकानं मऊ तुकडे करून भरवायचा. महिन्याभरात पोर पुन्हा अंथरुणाला खिळली.

"करणी चिवट आहे," बाबा म्हणाले. "परवा पुन्हा या. आणि दवाखान्याची पायरी चढलात तर मी जबाबदार नाही."

परात उचलायला गेलेल्या आत्यानं ती दोरी गुपचूप बाटलीत टाकली.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं. "हे कुठून आणलंस?"

"भाचीच्या पोटातून निघालं म्हणे."

"भाचीनं कोंबडी गिळली होती का? पाखराचं आतडं आहे हे, बाई!" त्या हसल्या आणि लगेच थांबल्या. "पोर खाते काय?"

आत्यानं भात सांगितला, पाव सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गव्हाचा त्रास असू शकतो. पण असू शकतो म्हणजे आहे असं नव्हे. जंत असतील, आतड्याचा क्षय असेल. आधी रक्त आणि शौच तपासू, मग दुर्बिणीनं लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहू. तोवर पाव बंद करू नका, नाहीतर तपासणी फसेल."

तिसऱ्या बैठकीला आत्या खांबाआड थांबली नाही. हातात पाण्याचा पेला घेऊन ती सरळ पुढे गेली.

"बाबा, आधी चूळ भरा."

बाबांनी ओठ मिटूनच मान हलवली. चेला धावला. "बाबांचं मौन आहे!"

"चूळ भरायला बोलावं लागत नाही."

मागून एक म्हातारी खिदळली. "भरा की बाबा, पाणीच आहे, एरंडेल नव्हे!"

"आत्या," बाकावरून पोर क्षीण आवाजात म्हणाली, "त्यांच्या गालात गोळा आहे. मला खालून दिसतोय."

भाऊ उठला. त्यानं बहिणीच्या हातून पेला घेतला आणि बाबांच्या तोंडाला लावला. बाबांनी घाईनं गोळा गिळायचा प्रयत्न केला, ठसका लागला, आणि नळी पोरीला शिवण्याआधीच करणी त्यांच्या पांढऱ्या कफनीवर सांडली. पातळ पिशवी, लाल पाणी, कोंबडीचं आतडं.

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. जंत नव्हते, क्षय नव्हता. रक्तानं आणि आतड्याच्या तुकड्यानं एकच सांगितलं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती अन्नातलं सत्त्व शोषून घेते. पोरीची लव गव्हानं झडून सपाट झाली होती. आता गहू कायमचा बंद.

भाऊ पीठ लागलेल्या हातांकडे बघत राहिला. "म्हणजे मीच भरवत होतो, ताई?"

"तू माया करत होतास. तो मात्र ठरवून लुबाडत होता. भातानं बरी झाली की त्याची कृपा, पावानं बिघडली की करणी. दोन्हीकडून तोच खरा! आणि आपण एकदाही विचारलं नाही, की मधे बदललं काय? मीसुद्धा नाही."

तेवढ्यात शेजारची मावशी डोकावली. "हे बाबा खोटे निघाले गं, पण खरे कुठेतरी असतीलच की."

आत्याचा आवाज जन्मात चढला नव्हता, तो आज चढला.

"मावशी, पोरीच्या वाढीचे तीन महिने गेले! खरा बाबा शोधण्यात आणखी किती घालवायचे? पोट बिघडलं तर पोट तपासा. वजन घटतंय, जुलाब थांबत नाहीत, तर उद्यावर ढकलू नका. आणि कोणी तपासू देत नसेल ना, तर समजा की लपवण्यासारखं त्याच्याकडेच काहीतरी आहे."

मावशी उंबऱ्यातच घुटमळली. मग पदर सावरत हळूच म्हणाली, "आमच्या नातवाचंही पोट फुगतं गं. उद्या किती वाजता येऊ?"