बुजवलेली खिडकी

आमची खानावळ आणि गुलजारबींचे घर यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत एक खिडकी. तिच्यातून वारा फारसा येत नसे. येई ती वाटी. माझी आई रत्ना इकडून आमटी देई, गुलजारबी तिकडून खीर. वाटी रिकामी परतवायची नाही, एवढाच दोघींचा करार होता.

खानावळ नव्याने बांधायला काढली, तेव्हा नगरपरिषदेने नकाशावर दोन लाल खुणा केल्या. सामाईक भिंतीत खिडकी चालणार नाही; आणि संकटकाळी बाहेर पडण्यासाठी मागे दार हवे. मागे गुलजारबींचे अंगण असल्यामुळे त्यांची संमती घेणे भाग होते. तोवर खानावळ उघडता येणार नव्हती.

गवंड्याने आधी खिडकी बुजवली. गुलजारबींना ते सांगण्याचे धैर्य आईला झाले नाही. त्यांनी पलीकडून थापीचा आवाज ऐकला आणि अबोला धरला.

सही आणायची कामगिरी माझ्यावर आली. ‘थांबा’ म्हणायच्या संकोचापायी उत्रोलीचा थांबा चुकवून एसटीतून पुढच्या गावी जाणारा मी! त्यांची एक वाटी आमच्याकडे राहिली होती. काहीतरी निमित्त हवे, म्हणून संमतीपत्राची घडी तिच्यात ठेवून मी रस्त्याने वळसा घालून गेलो.

गुलजारबींनी वाटीत डोकावून पाहिले.

“हे काय रं? कागद खाऊ व्हय म्या?”

“चाची, सही...”

“आधी खिडकी बुजवली, आता रिकामी वाटी धाडली. तुज्या आईला म्हणावं, भरून दे. मग सही.”

“चूलच काढली आहे, चाची. गॅसही नाही.”

त्यांचा सूर एकदम उतरला. “मग जेवता कुठं?”

“वडापाव.”

“रोज?”

मी मान डोलावली.

“अगं बया! शेजारी म्या जित्ती हाय, आन् रत्ना वडापाव खाती!” त्या तावातावाने आत गेल्या. वाटी बाजूला सारून त्यांनी डबाच भरला आणि मग कागदावर सही ठोकली. “तिला म्हणावं, आता देणं तुज्याकडं हाय.”

दार झाले. तपासणीला आलेले साहेब त्यावरच्या पाटीकडे बोट दाखवून आईला बजावत होते, “हे दार फक्त संकटकाळी उघडायचं.”

तेवढ्यात दार उघडले. वाफाळती वाटी धरलेला हात आत आला.

“रत्ने, धर लवकर, हात भाजतोय!”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे.

“आता हे काय?” साहेबांनी विचारले.

“संकटच की, साहेब,” दाराआडून गुलजारबी म्हणाल्या. “खीर निवली तर काय उपेग? बसा, तुमालाबी देते.”

साहेबांनी खीर संपवून खानावळ उघडण्याच्या दाखल्यावर सही केली.

आता वाट्या दारातून ये-जा करतात. तरी हाक आली, की आई आधी त्या भिंतीकडे वळते. तिथला गिलावा अजून ओलसर दिसतो.